नमुन्याचं घर

६ मार्च

चि. खडू यास,

ताईचे आशीर्वाद. आधी जेवून घे, मग पुढचं वाच. उपाशीपोटी वाचलेलं तुझ्या डोक्यात राहत नाही, हे मला तुझ्या लहानपणापासून ठाऊक आहे.

बातमी अशी की आम्ही घर बदललं. छावणीच्या मागच्या बाजूला त्या लांबच लांब जुन्या बराकी आहेत ना, जिथे पूर्वी शिपाई ओळीनं खाटा टाकून झोपायचे? पलटण हलली तेव्हापासून तिथे कबुतरांचं राज्य होतं. आता वरून हुकूम आलाय की बराकी पाडायच्या नाहीत, आतून बदलून कुटुंबांना राहायला द्यायच्या. त्यासाठी एका बराकीच्या टोकाला एकच घर आधी करून पाहिलंय. त्याला नमुन्याचं घर म्हणतात. एका कुटुंबानं तिथे राहून बघायचं, आणि काय सोयीचं नि काय गैरसोयीचं ते सांगायचं. कोणी राहायचं यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात ह्यांचं नाव निघालं. भांडारात इतकी वर्षं काढली, पण ह्यांना सोडतीत कधी साधा टॉवेल लागला नव्हता. लागलं ते एकदम घरच. मी देवाला हात जोडले. सासूबाई म्हणाल्या, "नमुना कशाला हवा आणखी? आपल्या घरात काय कमी आहेत?"

खरी गोष्ट पुढेच आहे. किल्ली आणायला ओव्हरसियरच्या खोलीवर गेले, तर भिंतीवर घराचा नकाशा लावलेला. दाराची उंची कळावी म्हणून दारात एक माणूस काढलाय, आणि त्या माणसाचा एक हात कमरेवर. मी म्हटलं, "ह्या माणसाला मी ओळखते." ओव्हरसियर हसला. "बाई, तो नुसता चित्रातला माणूस आहे." म्हटलं, "तो असेल चित्रातला, पण काढणारा तर खरा आहे ना?" अंगणातल्या फरशीवर तू खडूनं घरं काढायचास, त्यातल्या प्रत्येक माणसाचा हात असाच कमरेवर असायचा, जणू घर बघून वैतागलाय.

हे तुझंच काम ना? खरं काय ते कळव.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. जेवलो आहे, मग पत्र फोडलं.

पकडलंस तू मला. घर माझंच. आमच्या ऑफिसला सरकारी आणि लष्करी इमारती नव्यानं वापरात आणायचं काम मिळालंय, आणि त्यातल्या तुमच्या छावणीतल्या बराकी माझ्या वाट्याला आल्या आहेत. मला एकट्याला दिलेलं हे पहिलं काम. आजवर मी दुसऱ्यांच्या नकाशावर जिने आणि संडास भरत होतो.

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. बाहेरच्या भिंती हातभर जाड, त्यांना धक्का लावायचा नाही. खिडक्या आहेत तिथेच ठेवायच्या. खालची दगडी फरशी उखडायची नाही, वरचे पत्रे आणि ते पेलणाऱ्या लाकडी कैच्या आहेत तशाच राहणार. म्हणजे डबा तोच, आत कप्पे तेवढे माझे. त्या कप्प्यांत माणसं सुखानं राहतील की नाही, हे कागदावर कळत नाही. म्हणून नमुना.

तुझं पत्र वाचल्यावर मी घाबरलो. नमुन्याच्या घरात आपलीच बहीण, लोक काय म्हणतील? मोठ्या साहेबांकडे जाऊन सरळ सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरंच झालं की. बहिणीइतकं तोंडावर कोणी बोलत नाही. ती खरं सांगेल." तेव्हा आता तुला मोकळीक आहे. नव्या सुनेला नावं ठेवावीत तशी घराला नावं ठेव.

घर पसंत पडलं तर पुढचं सगळं काम माझ्या नकाशाप्रमाणे होईल. नाही पडलं, तर ते ऑफिसातल्या आमच्या चष्मेवाल्या वरिष्ठांकडे जाईल. ते फार जुने, फार हुशार, आणि माझी प्रत्येक रेघ चष्म्यावरून बघतात. मी परत जिने आणि संडास काढायला मोकळा.

दाजींना नमस्कार. सासूबाईंना सांग, एक नमुना इथेही आहे.

तुझा,
खडू


२ एप्रिल

चि. खडू यास,

आशीर्वाद. जेवलास असं धरून चालते.

घराला नावं ठेव म्हणतोस, तर ठेवू कशाला? घर फार छान आहे. पांढरंशुभ्र, उंच, हवेशीर. स्वयंपाकघरात तर इतका वारा की विचारू नकोस. बिस्किटांच्या मोठ्या डब्याचं झाकण मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, हे मला हसायचे. ते आता स्टोव्हच्या बाजूला उभं करते. ज्योत कशी शहाण्यासारखी राहते. खिडकीही चांगली भक्कम आहे. आत उघडते, तेव्हा तिला तारेचा आकडा करून अर्ध्यावर अडकवलीय, म्हणजे कपाळाला भेटायला येत नाही.

न्हाणीघर मोठं आहे. एक जुनं गोणपाट फेकायला काढलं होतं, त्याची गुंडाळी करून दाराशी ठेवली, त्याचंही सोनं झालं. आत उतरायला पायरी आहे तिथे सासूबाईंसाठी दोरी बांधली. म्हाताऱ्या माणसाला धरायला काहीतरी लागतंच. पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढलाय, तो दिसायलाही बरा दिसतो.

पहाटेची प्रार्थना मी आता पुढच्या खोलीत म्हणते. आवाज असा घुमतो, जणू माझ्याबरोबर आणखी चौघीजणी म्हणतायत. जुन्या घरात शेजारच्या नळाच्या खडखडाटात देवाला माझं ऐकू तरी येत होतं की नाही, कोण जाणे.

तू मुळीच काळजी करू नकोस. चष्मेवाल्यांना म्हणावं, चष्मा पुसून ठेवा.

तुझी,
ताई


१२ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. बिस्किटांच्या डब्याचं झाकण! गोणपाटाचं सोनं! तुझी काटकसर म्हणजे कमाल आहे. उद्या तुला राजवाडा दिला तरी तू दोरी आणि गोणपाट घेऊनच आत शिरशील. सगळे हसले. चष्मेवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "स्टोव्हला झाकण कशाला लागतं?" मी म्हटलं, "आमच्या ताईला काही टाकवत नाही, म्हणून." ते नुसतं "हं" म्हणाले. त्यांना कौतुक कशाचंच नाही.

येत्या आठवड्यात छावणीतला एक लेफ्टनंट तुझी साक्ष घ्यायला येईल. घाबरू नकोस, पोरसवदा आहे म्हणे. विचारेल त्याचं उत्तर दे.

तुझा,
खडू


३ मे

चि. खडू यास,

आशीर्वाद. लेफ्टनंट येऊन गेला. पोरगा चांगला आहे, पण फार वाळलाय. आईपासून लांब राहणारी पोरं अशीच. कानावर पेन्सिल, हातात पाटीएवढा पुठ्ठा. "पाणी येतं का?" येतं. "उजेड आहे का?" आहे. "काही त्रास?" म्हटलं, "कसला त्रास? देवाच्या कृपेनं सगळं झकास आहे." न्हाणीघर बघायला निघाला तसा मी त्याचा दंड धरला, "जपून रे, पायरी आहे." तो "थँक्यू" म्हणाला आणि जपून उतरला. चहा घेतला. स्टोव्हपाशी येऊन म्हणाला, "बाई, तुमचं घर फार नीटनेटकं आहे." मी तेवढ्यात झाकण जरा पुढे सरकवलं.

ते झाल्यावर लगेच शेजारच्या भागातही एक घर लावलं, तिथे ड्रायव्हरचं कुटुंब आलंय. तो रात्रपाळीला असतो, दिवसा झोपतो. बायको बोलकी आहे. आता मला चांगली सोबत झाली, घरबसल्या तिकडचं सगळं कळतं. पहाटेची प्रार्थना मी हल्ली मनातल्या मनात म्हणते. देवाला काय, ओठ हलले तरी पुरतं.

सासूबाई नणंदेकडे गेल्या आहेत, हवापालट म्हणून. बऱ्याच दिवसांत गेल्या नव्हत्या.

तू बारीक झालास का? तुझं अक्षर बारीक झालंय.

तुझी,
ताई


२० मे

ताई, ताई, ताई!

घर पसंत! लेफ्टनंटनं लिहून पाठवलं, "राहणाऱ्या कुटुंबाची कसलीही तक्रार नाही." मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. छावणीतल्या अकराच्या अकरा बराकी आता माझ्या नकाशाप्रमाणे होणार. एका बराकीत आठ घरं. प्रत्येक घर हुबेहूब तुझ्या घरासारखं, तुझ्या खिडकीसारखी खिडकी, तुझ्या न्हाणीघरासारखं न्हाणीघर. आणि हे सगळं तुझ्या एका शब्दावर! पुढच्या महिन्याच्या शेवटी नकाशांवर सह्या होतील आणि ते कंत्राटदाराच्या हातात जातील. मग एकदम कामाला सुरुवात.

आज दोनदा जेवलो.

तुझा,
खडू


२ जून

चि. खडू यास,

आशीर्वाद.

अकरा बराकी? प्रत्येकीत आठ घरं? हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, पण मी ते तसं ऐकलं नाही. मला वाटलं, विचारतात ते माझ्या घराचं. मी माझ्या घराचं सांगितलं.

काल ड्रायव्हरची बायको ओसरीत येऊन बसली. बोटाला फडकं बांधलेलं. म्हणाली, "ताई, कुठल्या शहाण्यानं काढलंय हो हे घर? एकदा भेटू दे, त्याला माझ्या न्हाणीघरात आंघोळीलाच बसवते."

मी म्हटलं, "तो शहाणा माझा पाठचा भाऊ आहे."

तिनं फडक्याची गाठ उगाच आवळली. मग म्हणाली, "मग तुमचं घर त्यानं वेगळं काढलंय का? तुम्ही तर कधी कुरकुर करत नाही."

खडू, तू ये. सह्या व्हायच्या आत ये, आणि दोन दिवस राहायला ये. कारण विचारू नकोस. येशील त्याआधी मी घर आवरून ठेवते.

तुझी,
ताई


१८ जून

ती. ताईस,

घरी पोचलो. निघताना तुझ्याशी नीट बोललो नाही, दाजींनाही नमस्कार केला नाही. ते लिहूनच बोलतो.

तू "घर आवरून ठेवते" म्हणालीस, तेव्हा मला वाटलं तू केर काढशील. तू दोरी काढलीस. गोणपाट काढलंस, झाकण काढलंस, खिडकीचा आकडा काढलास, पायरीवरचा चुना खरवडून काढलास. आणि मला म्हणालीस, "ये, तुझ्या घरात राहा."

राहिलो. पहिल्याच सकाळी न्हाणीघरात पाय घातला तो सरळ खाली, पायरी दिसलीच नाही. अंघोळ करून बाहेर आलो तर माझ्या आधी पाणी बाहेर आलेलं, थेट पुढच्या खोलीत, माझ्या बॅगेखाली. दगडी फरशी उखडायची नाही म्हणून मी वर एक थर दिला होता. कागदावर उतार पुरेसा होता. तिथे उतार आहे, पण दाराकडे. चहा करायला गेलो तर स्टोव्ह पुन्हा पुन्हा विझला. खिडकी ढकलायला वाकलो, ती माझ्या कपाळावर आली. तू पाटावर बसून हे सगळं बघत होतीस.

आणि दुपारी! जरा आडवा झालो, तर डोक्यावर कोणीतरी घोरतंय. छताकडे बघतो तर कोणी नाही. मग वरूनच आवाज आला, "ताई, पाहुणे झोपले का हो? आमच्या ह्यांचं घोरणं ऐकू जातंय ना? कुशीवर वळवू का?" आणि तू स्टोव्हपाशी बसल्या बसल्या छताकडे बघून म्हणालीस, "राहू दे गं, दमलेत ते."

खर्च वाचावा म्हणून मी मधली भिंत फक्त सिलिंगपर्यंतच नेली. सिलिंगच्या वर, पत्र्यांखाली, बराक अजून एकच आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्यांनी नमुना पाहिला, त्यांनी पाहिला तेव्हा शेजार रिकामा होता. आठ घरं झाली की आठही घरांचं सगळ्यांना ऐकू जाणार.

ताई, तू मला फसवलंस. मी तुला खरं सांग म्हणून हात जोडले होते. आता कागद सहीला गेलेत. आता मी साहेबांपुढे जाऊन काय सांगू, माझी बहीण खोटं बोलली? की मला साधा उतार काढता येत नाही?

खूप विचार केला. असं करू. आता हे काही बोलायचं नाही. तू निभावून नेलंस, तसं बाकीच्याही नेतील. बायका घर लावून घेतातच. एकदा लोक राहायला आले की दुरुस्तीच्या नावाखाली मी हळूहळू सगळं करून देईन. तू सगळं परत बांधून घे, दोरी आणि झाकण आणि सगळं. एवढं कर.

तुझा,
खडू


२४ जून

चि. खडू यास,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तू रागावलास ते बरोबर आहे. तुझं पत्र मी ह्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भांडारात जे कमी पडतं ते कमी म्हणून लिहावं लागतं. ठिगळ लावून पुरं म्हटलं, तर पुढच्या वर्षी तेवढंच येतं." एरवी ते इतकं बोलत नाहीत.

आठवतं का तुला, फरशीवर खडूनं खोल्या काढायचास आणि मला आत उभं करायचास? "ताई, ही तुझी खोली." ती खोली माझ्या पावलापेक्षा लहान असायची. रेघेवर पाय पडला तर तू रडायचास. म्हणून मी एका पायावर उभी राहायचे आणि तू विचारलंस की म्हणायचे, "वा, काय ऐसपैस आहे!" मग तू खूश. तूही खूश, मीही खूश, पाय दुखला तर माझा.

या घरातही मी तेच केलं. लेफ्टनंट समोर उभा होता आणि मी एका पायावर. पण मी ते माझ्या भावासाठी केलं, खडू. ड्रायव्हरच्या बायकोचा तू कोण? त्या बाकीच्या घरांत येतील त्यांचा तू कोण? त्या कशाला एका पायावर उभ्या राहतील?

सासूबाई हवापालटाला गेल्या नाहीत. ओल्या पायरीवर त्यांचा पाय सरकला, दोरी हातात होती म्हणून पडल्या नाहीत. पण म्हणाल्या, "अंघोळीला जायला दावं धरू? मी काय गोठ्यातली आहे?" आणि लेकीकडे निघून गेल्या. अजून यायला तयार नाहीत.

शेजारी नवरा-बायको आमच्यापुढे लाज वाटते म्हणून पाटीवर लिहून भांडतात. काल ती मला म्हणाली, "ताई, लिहिता लिहिता राग निघून जातो हो, भांडण पुरं होत नाही." आम्ही दोघी हसलो, पण ती मग रडलीही. आणि माझं विचारशील तर, मी जवळजवळ दोन महिने देवासमोर ओठ हलवतेय. तिचा नवरा थकून झोपलेला असतो, म्हणून. देवाला चालत असेल. मला चालत नाही.

दोरी-बिरी मी पुन्हा बांधलेली नाही. सोमवारी सकाळी मी लेफ्टनंटकडे जाणार आणि सांगणार की मी आधी सांगितलं ते खरं नव्हतं, येऊन पुन्हा बघा. आधी तुला कळवते, ते एवढ्यासाठी की तुझ्या साहेबांना हे लेफ्टनंटच्या कागदावरून कळू नये, तुझ्या तोंडून कळावं. त्याला मध्ये पुरेसे दिवस आहेत.

चष्मेवाले तुझं काम घेतील, हे मला समजतं. मला त्याचं फार वाईट वाटतंय. रागावून जेवण टाकू नकोस.

तुझी,
ताई


१८ जुलै

ती. ताईस,

नमस्कार. तीन आठवडे लिहिलं नाही. आधी राग होता, मग काम होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांकडे गेलो. आत जाण्याआधी काय काय बोलायचं ठरवलं होतं, आत गेल्यावर एकच वाक्य निघालं, "घर चुकलंय." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बहीण खरं सांगेल, असं मी म्हणालोच होतो. जरा उशीर झाला, एवढंच." सह्या थांबवल्या. काम चष्मेवाल्यांकडे दिलं. मी त्यांच्या हाताखाली. नकाशावर पहिलं नाव त्यांचं.

मला वाटलं, आता हा माणूस मला सोलून काढणार. त्यांनी मला समोर बसवलं, नमुन्याच्या घराचा कोरा नकाशा पुढे ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीनं घरात काय काय लावलं होतं, ते सगळं जागच्या जागी काढ." मी दोरी काढली. गोणपाट काढलं. झाकण, आकडा, चुन्याचा पट्टा. पाटीसुद्धा काढली, शेजारच्या घरात. त्यांनी नकाशा उचलून चष्म्यावरून बघितला. म्हणाले, "आता हा पुरा झाला. आता दुरुस्त करायला घे."

तेव्हा तुला सांगतो ते असं. मधली भिंत पार पत्र्यांपर्यंत जाणार, प्रत्येक घराची वेगळी. न्हाणीघर मागच्या भिंतीला लावलंय, पाणी थेट बाहेर, पायरी नाही. स्टोव्हचा ओटा खिडकीपासून बाजूला हलवला आणि खिडकी बाहेर उघडेल अशी करायची परवानगी मिळवली. त्यासाठी चष्मेवाले स्वतः छावणीत जाऊन कर्नलशी भांडले. मला माहीत नव्हतं, त्यांना भांडता येतं.

आधी तुझंच घर पुन्हा करणार. मी देखरेखीला येतोय, दोन महिने तिथेच. तुझ्याकडे नाही उतरणार, तुझं घर तर उघडं असेल. ओव्हरसियरच्या खोलीत राहीन.

अजून पूर्ण राग गेलेला नाही. पण जेवतो आहे.

तुझा,
खडू


११ नोव्हेंबर

चि. खडू यास,

आशीर्वाद. तू जाऊन आठवडा झाला. मुद्दाम थांबले होते, म्हटलं आधी राहून बघू, मग लिहू.

सासूबाई परवा आल्या. आल्या आल्या सरळ न्हाणीघरात गेल्या, दार लावून घेतलं, बराच वेळ आत. मी बाहेर उभी. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे." त्यांच्या तोंडून हे शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकले. माझ्यासाठी नसले तरी चालतील. तुझ्यासाठी आहेत, म्हणून कळवते.

पहाटेची प्रार्थना पुन्हा मोठ्यानं सुरू केली. पहिल्या दिवशी घाबरत घाबरत म्हटली, मग ड्रायव्हरच्या बायकोला विचारलं, ऐकू आली का? म्हणाली, "काहीच नाही हो. आता तुमच्याकडे काय शिजतंय तेही कळत नाही, करमत नाही मला." आणि त्याच दुपारी तिनं नवऱ्याशी तोंडानं भांडण केलं. हे ओसरीतून कळलं. भिंतीतून नाही. पाटी आता त्यांची पोरं वापरतात.

काल लेफ्टनंट आला होता. आता जरा अंगानं भरलाय. तोच पुठ्ठा, कानावर तीच पेन्सिल. बरोबर तुमचे चष्मेवालेही होते. ते दारातच थांबले, आधी माझ्या घरभर नजर फिरवली. मला वाटलं, धूळ शोधतायत. नंतर कळलं, ते दोरी शोधत होते. काही सापडलं नाही, तेव्हा आत आले. जाताना मला म्हणाले, "नकाशावर पोराचं नाव माझ्याबरोबर आहे. पुढच्या वेळी पुढे असेल." हे तुला सांगू नका म्हणाले. मी सांगणार नाही असं काही म्हटलं नव्हतं.

आता काम राहिलं ते सांगते. स्वयंपाकघरातली वरची फळी माझ्यासाठी वीतभर उंच झालीय. चढायला पाट घेतला होता, पण तुला लिहायचं ठरवलं आणि पाट परत जागेवर ठेवला. न्हाणीघराची कडी ओल्या हातानं सरकत नाही. मागच्या दाराशी ऊन फार येतं, तिथे काहीतरी आडोसा हवा. इतक्या घरांना लागणार, तेव्हा आत्ताच लिहून ठेव.

लेफ्टनंटनं पुठ्ठा पुढे धरून नेहमीप्रमाणे विचारलं, "काही त्रास?"

मी दोन्ही पाय टेकून उभी राहिले आणि त्याला म्हटलं, "बस बाबा. लिहायला वेळ लागेल."

तुझी,
ताई